तीन हाका आणि अकरा ताशे

एका जंगलात माणसं फास लावून जात. कोणतं जंगल, ते विचारू नका. नाव कळलं म्हणून तुम्ही काही तिथे मदतीला जाणार नाही. गुपचूप बसा आणि ऐका.

फास म्हणजे काय, ते आधी सांगतो. तुम्ही पुष्कळ शिकलेले आहात, म्हणजे तुम्हाला हे ठाऊक नसणार. मोटारसायकलच्या क्लचची जुनी तार घ्यायची. एका टोकाला सरकगाठ मारायची. दुसरं टोक जमिनीत ठोकलेल्या खुंटीला बांधायचं. जनावरांच्या पायवाटेवर, गवतात, ती गाठ पसरून ठेवायची. पाय आत गेला की जनावर घाबरतं आणि ओढतं. ओढलं की गाठ आवळते. मग उन्हं कलली की माणूस कोयता घेऊन येतो.

बस्स. एवढंच यंत्र. त्याला वीज लागत नाही.

त्या जंगलात सटवाजी नावाचा एक म्हातारा साळिंदर होता. तार दातांनी तुटत नाही. पण खुंटी लाकडाची असते, आणि साळिंदराला लाकूड कुरतडता येतं. हे सटवाजीला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने एकदा करून पाहिलं, जमलं. तेव्हापासून ते त्याचंच काम झालं. रोज सकाळी तो पाणवठ्याच्या वाटा नाकाने तपासत जायचा. लोखंडाचा वास आला की थांबायचा. खुंटी कुरतडायचा आणि तार ओढत नेऊन एका खड्ड्यात पुरायचा.

त्याचे डोळे अधू होते. हाताच्या अंतरापलीकडे त्याला सगळं धुकं. म्हणून जंगलाने एक रीत ठेवली होती.

ज्याच्या पायात फास पडेल, त्याने ओढायचं नाही. तीन हाका मारायच्या आणि थांबायचं. पुन्हा तीन हाका, पुन्हा थांबायचं. ज्याच्या कानावर त्या पडतील त्याने असेल तिथे उभं राहायचं. तोंडात घास असला तर चावायचा नाही. सगळं रान असं गप्प झालं की सटवाजी कान टवकारायचा आणि आवाजाच्या रोखाने नीट चालत सुटायचा.

या रीतीला कुणी कायदा म्हणत नव्हतं. म्हणून ती पाळली जात होती.

आता वानरांकडे येऊ. यायलाच हवं, कारण ती स्वतःहूनच सगळीकडे येतात.

वानरं झाडावर राहतात. फास जमिनीवर असतो. एवढं लक्षात ठेवा, बाकी मी सांगेन.

वानरांचा पुढारी भिवा. तो एकदा जंगलाकडेच्या गावात आंबे चोरायला गेला होता. तिथे लग्न होतं. जेवण जड झालेले बँडवाले सावलीत आडवे झाले होते. भिवाने त्यांचा एक ताशा उचलला. हा साधा ताशा नव्हे. याला वरून कातडं आणि खालूनही कातडं. खालच्या कातड्यावर बारीक तारा ताणलेल्या. वर काठी पडली की खाली तारा थरथरतात, आणि तडतड असा आवाज निघतो. बँडवाले त्याला साइड ड्रम म्हणतात. भिवा त्याला तारेचा ताशा म्हणाला.

पळताना तो ताशा कुंपणाला घासला आणि तारा तुटल्या. जंगलात आणून वाजवला, तर ओल्या गोणीवर काठी मारावी तसा आवाज आला. सगळे हसले. भिवाला हसणं फार लागलं.

तेवढ्यात त्याला सटवाजीचा खड्डा आठवला.

त्याने खड्डा उकरला. एक तार काढली, उलगडून ताशाखाली ताणली आणि काठी मारली. तर्र्र! अख्ख्या रानाने माना वळवल्या. ससे उड्या मारायला लागले. रानडुकरं डोलायला लागली. मोराला वाटलं, आपल्यासाठीच वाजतंय.

सटवाजी धापा टाकत आला.

"भिवा, ती तार जागेवर ठेव."

"का बाबा? तुम्ही तर फेकलीच होती."

"फेकली नव्हती. पुरली होती. तिने डुकराच्या पोराचा पाय खाल्लाय."

"मग आता तिच्याकडून चांगलं काम करून घेऊ," भिवा म्हणाला. "वाईटातून चांगलं काढणं, याला कला म्हणतात."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्या डुकराच्या पोराचा पाय गेला होता, त्याच्या बापानेही वाजवल्या. वाक्य चांगलं होतं ना.

महिनाभरात अकरा ताशे झाले. तेलाचे डबे मिळाले. तारा खड्ड्यात होत्याच. कातडं कुठून आणलं, ते कुणी विचारलं नाही. जंगलात कुणी ना कुणी मरतच असतं. पथक उभं राहिलं. वानरांनी पळसाच्या पानांचे फेटे बांधले. भिवाचा भिवाजीराव झाला. सराव रोज सकाळी, पाणवठ्याच्या वाटेवरच्या वडावर. म्हणजे जनावरं पाण्याला निघायची त्याच वेळी, आणि त्याच जागी.

पूर्वी हीच वानरं शेंड्यावर बसून राखण करत. वाघ दिसला, माणूस दिसला, की खाकरत. आता त्यांना खाकरायला सवड नव्हती. शिवाय खाकरणं कोणीही करू शकतं. त्याला फेटा लागत नाही.

त्या जंगलात हंसा नावाची एक भेकर होती. भेकर म्हणजे ठेंगणं हरीण. आवाज मात्र कुत्र्यासारखा, दोन डोंगरांपलीकडे ऐकू जाईल असा. धोका दिसला की हंसा भेकायची. तिचं भेकणं ऐकून पुष्कळ जण जगले होते. एका सकाळी तिला झुडपात कोयत्याची चकाकी दिसली आणि ती भेकली.

वडावरून भिवाजीराव ओरडला, "कोण ते? कोण मधेच भुंकतंय?"

"मी हंसा. माणूस आलाय खाली."

"आलाय तर आलाय. सम चुकली ना आमची."

"सम म्हणजे काय, भिवाभाऊ?"

"हेच! हेच अडाणीपण आहे या जंगलात." भिवाजीराव इतरांकडे वळून म्हणाला, "सरावाच्या वेळी भेकायचं नाही. भेकायचं असेल तर सराव संपल्यावर भेकायचं."

"माणूस तोवर थांबेल?"

"तो त्याचा प्रश्न आहे."

हंसा ठसक्याची होती. "तुम्ही झाडावरच असता, भाऊ. आम्हाला खाली चालावं लागतं," ती म्हणाली. पण ताशे पुन्हा सुरू झाले होते. तिचं वाक्य तिलाच ऐकू आलं नाही.

सटवाजी मग आबासाहेबांकडे गेला. आबासाहेब म्हणजे जंगलातला थोरला गवा. अंगाने डोंगर. तारेचा फास त्याच्या पायात गेला तर तारच तुटते. त्याला आयुष्यात एकदाही हाक मारावी लागली नव्हती. म्हणून सगळ्या तक्रारी त्याच्याकडे जात.

"आबासाहेब, सकाळची वेळ सोडून वाजवायला सांगा. मला ऐकू येत नाही."

"वय झालं म्हातारबा तुमचं."

"कान शाबूत आहेत. गोंगाट जास्त आहे."

"गोंगाट म्हणू नका हो. पोरं दुखावतात." आबासाहेबांनी रवंथ केलं. "आणि आमच्या वाढदिवसाला वाजवणार आहेत ती. मिरवणूक आहे. टेकडीपासून पाणवठ्यापर्यंत. तुम्ही एक करा, त्या दिवशी मिरवणुकीची वाट दोनदा तपासा. मोठी वाट. आमच्याबरोबर चार मोठी मंडळी असतील."

"आणि बाकीच्या वाटा?"

"बाकीच्या वाटांनी त्या दिवशी जाणार कोण? सगळे मिरवणुकीत असतील."

हा विचार करणारा गवा आहे, हे तुम्हाला लगेच ओळखू आलं असेल.

वाढदिवस उजाडला. सटवाजीने मोठी वाट दोनदा तपासली. त्यातच ऊन वर आलं. करवंदीच्या जाळीतून पाणवठ्याला जाणारी छोटी वाट राहून गेली.

हंसा मिरवणुकीत नव्हती. तिला तहान लागली होती, तेवढंच. मोठ्या वाटेने जाऊ लागली तर दोन डुकरं आडवी आली. त्यांच्या गळ्यात पळसाच्या पानांच्या पट्ट्या होत्या.

"मागे व्हा, मागे. ही वाट आज बंद आहे."

"मला पाणी प्यायचंय."

"पलीकडून जा. करवंदीतून."

ती करवंदीतून गेली. दहा पावलं गेली असेल, आणि मागचा उजवा पाय तारेत गेला.

हंसाने ओढलं नाही. रीत तिला पाठ होती. ती चारी पायांवर स्थिर उभी राहिली. तिने तीन हाका मारल्या. भॉक्, भॉक्, भॉक्. मग थांबली. पुन्हा तीन. पुन्हा थांबली.

मिरवणूक तेव्हा वडाजवळ आली होती. आबासाहेब पुढे, त्यांच्या शिंगांना माळा. मागे अकरा ताशे. भिवाजीरावाचे कान तिखट होते, ते कबूल करायला हवं. त्याने काठी वर धरली.

"ऐका, ऐका! तीन आणि एक खाली! तीन आणि एक खाली! काय ताल आहे! कुठून येतोय?"

"हंसा भेकतेय वाटतं," एक वानर म्हणाला.

"ती भेकर? अरे, मग सुधारली की! एवढे दिवस बेताल होती. उचला रे!"

आणि अकरा ताशांनी तो ताल उचलला. तड्, तड्, तड्, आणि एक खाली. तड्, तड्, तड्, आणि एक खाली. जनावरं बेभान झाली. असा ताल त्यांनी आजवर ऐकला नव्हता. खरं तर जन्मापासून ऐकला होता. पण पूर्वी त्यावर थांबायची. आता नाचू लागली.

सटवाजी मोठ्या वाटेच्या कडेला बसला होता. तीन हाका कानावर पडताच तो उठला. उठला आणि तिथेच खिळला. कारण हाक डावीकडून आली. मग उजवीकडून आली. मग वरून आली. अकरा ठिकाणांहून तीन-तीन हाका. तो एका आवाजाच्या रोखाने धावला, तर पुढे वानर, गळ्यात ताशा. दुसऱ्याच्या रोखाने धावला. तिथेही वानर. तिसऱ्यावर आपटला.

"अहो बाबा, नाचताय का?" तिसरा हसला.

"कोण अडकलंय? कुणाच्या पायात आहे?"

"कुणाच्या नाही हो. हा ताल आहे."

"हा ताल नाही, हाक आहे! थांबवा!" म्हातारा ओरडला. त्याने अंगाचे काटे फुलवले आणि तो थेट भिवाजीरावाच्या समोर आडवा झाला. "भिवा, थांबव. फक्त एकदा थांबव. तीन हाका मारायला लागतात तेवढाच वेळ. मला एवढंच ऐकू दे, की ती कुठे आहे."

"बाबा, आत्ता कुठे रंग चढलाय."

"ती मरेल."

"आणि आम्ही आता थांबलो तर मिरवणूक मरेल. अकरा जणांचा हात एकत्र बसायला किती दिवस लागतात, ठाऊक आहे? तुम्ही कधी चार जणांत मिळून काही केलंय?"

सटवाजीने आबासाहेबांचा खूर धरला. आबासाहेब कळवळले. त्यांना कळवळण्याची सवय होती.

"म्हातारबा, आज शुभ दिवस आहे. मरणाची भाषा नको. पाणवठ्यावर पोचलो की बघू."

"आबासाहेब, उन्हं कलली की माणूस येतो."

"मग अजून वेळ आहे की," आबासाहेब म्हणाले, आणि पुढे चालू लागले.

तिकडे करवंदीत हंसा ऐकत होती. तिने तीन हाका मारल्या की समोरून तीन हाका परत यायच्या. आधी तिला बरं वाटलं. तिला वाटलं, सगळ्या रानाला कळलंय, सगळे निघालेत. मग तो आवाज जवळ आला, वडाखालून गेला, आणि लांब गेला. तेव्हा तिला भीती वाटली. ताशांच्या ठेक्याबरोबर तिचा पाय आपोआप झटके देऊ लागला. गाठ आवळली. तिने दात दाबून पाय थांबवला. पुन्हा तीन हाका मारल्या. मग दोनच मारता आल्या. मग घसा बसला.

सटवाजी गेला नाही पाणवठ्यावर. तो नाक जमिनीला लावून एक एक वाट हुंगत निघाला. पण त्या दिवशी सगळं जंगल त्या वाटांवरून नाचत गेलं होतं. माती उकरलेली, पानं तुडवलेली. डुकरांच्या घामाखाली लोखंडाचा वास कुठे लागायचा? एक वाट झाली. दुसरी झाली. ऊन डोक्यावरून सरकलं.

पाणवठ्यावर भाषणं झाली, खाणं झालं. पंगतीत एका सशाला शेजारची जागा रिकामी दिसली.

"हंसाबाई कुठेय?"

कुणीतरी म्हणालं, सकाळपासून दिसली नाही. कुणी म्हणालं, सकाळी भेकत होती. मग बंद झाली. डुक्कर म्हणालं, मीच तिला करवंदीतून पाठवलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आता ज्याला-त्याला कळलं की तो ताल काय होता.

तुम्हाला वाटेल, आता ते सगळे उठून धावले असतील. तुम्ही लहान आहात.

भिवाजीराव सगळ्यांच्या आधी उठला. त्याने फेटा काढून हातात घेतला.

"मित्रहो, आपली हंसा गेली. ती एक कलावंत होती. जाता जाता तिने आपल्याला ताल दिला."

"अरेरे," सगळे म्हणाले.

"पण ती गेलीच कशावरून?" ससा हळूच म्हणाला. "करवंदी इथून जवळ आहे. कुणी बघून यावं."

"अशा वेळी शंका काढू नयेत," आबासाहेब म्हणाले. "दुःखाचा प्रसंग आहे. आपण सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू. कुणीही हलायचं नाही. कुणीही आवाज करायचा नाही."

आणि ते उभे राहिले. अकरा ताशे जमिनीवर ठेवले गेले. डुकरांनी श्वास आवरला. मोराने पिसारा मिटला. पथक शिस्तीचं होतं, त्यामुळे शांतताही शिस्तीची झाली. पिकलं पान गळलं, ते ऐकू आलं. पाण्यावर निवळीचा किडा फिरत होता, तो ऐकू आला.

आणि करवंदीतून एक हाक ऐकू आली. बसलेल्या घशातली. एकच.

सगळ्यांनी ऐकली. एकही हलला नाही. हलायचं नाही असं ठरलं होतं. ससा पुढचा पाय उचलणार होता, पण आबासाहेबांनी डोळे वटारले.

सटवाजी तेव्हा टेकडीच्या पायथ्याला, चौथ्या वाटेवर होता. रान अचानक गप्प का झालं, ते त्याला कळलं नाही. त्याने कारण शोधलं नाही. कान टवकारले. हाक आली, आणि म्हातारा सुटला. पाणवठ्याच्या कडेने, त्या सगळ्या उभ्या मंडळींच्या समोरून तो गेला. साळिंदर पळालं की काटे खुळखुळतात.

"शू! बाबा, शांतता आहे," भिवाजीराव ओठ न हलवता म्हणाला.

करवंदीत हंसा गुडघ्यांवर बसली होती. पायाला तार हाडापर्यंत रुतली होती.

"बाबा, माणूस खोकला. खाली, ओढ्यात."

"बोलू नकोस. ओढू नकोस."

खुंटी खैराची होती. खैर म्हणजे लोखंडाचा धाकटा भाऊ. सटवाजीने दात लावले. ओढ्यातले दगड वाजले. सटवाजीचा पुढचा एक दात मोडला. त्याने दुसऱ्या दातांनी काम चालू ठेवलं. चपला पालापाचोळ्यावर आल्या तेव्हा खुंटीचा शेवटचा तंतू तुटला. हंसा तीन पायांवर उठली आणि तारेसकट जाळीतून पार झाली. मागून म्हातारा. माणसाने येऊन पाहिलं. भुसा पाहिला, रक्त पाहिलं, एक शिवी दिली आणि तो परत गेला.

दोघं पाणवठ्यावर आली. मंडळी अजून उभीच होती. दोन मिनिटं म्हणजे किती, ते जंगलात कुणालाच ठाऊक नव्हतं.

हंसा लंगडत थेट पाण्याशी गेली आणि प्यायली. पिताना आवाज झाला. भिवाजीरावाने कपाळाला आठ्या घातल्या.

"हंसाबाई, थोडं थांबता आलं नाही का? दोन मिनिटं पूर्ण व्हायची होती."

"कशाची?"

"तुमचीच. तुम्हाला श्रद्धांजली चालू आहे."

हंसाने पुन्हा पाण्याला तोंड लावलं. आबासाहेब घसा साफ करत पुढे झाले. त्यांची अडचण मोठी होती. भाषण तयार होतं.

"तू जिवंत आहेस, याचा आम्हाला आनंद आहे," ते म्हणाले. "पण कळवत जा गं. तुझ्यासाठी एवढे लोक उभे राहिले."

"तीन-तीन हाका मारल्या, आबासाहेब. घसा बसेपर्यंत."

"त्या हाका होत्या होय?" भिवाजीराव म्हणाला. "आम्हाला कसं कळणार? पण ताल फार सुंदर होता. आमच्यात याल का? तुम्ही भेका, आम्ही साथ करू."

आबासाहेबांनी मग जाहीर केलं, की पथकाने पाळलेल्या शांततेमुळेच हंसाचे प्राण वाचले, आणि यासाठी पथकाचा मान करण्यात येत आहे. टाळ्या झाल्या. सटवाजी तेव्हा तिच्या पायातली गाठ नखांनी सैल करत होता. तोंडातून रक्त येत असल्याने त्याला काही बोलता आलं नाही. नाहीतरी त्याला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

मान झाल्यावर आबासाहेबांनी भाषण केलं. लिहिलं होतं तसंच. त्यात हंसा किती मोलाची होती, ती गेल्याने रानाचं किती नुकसान झालं, हे सगळं होतं. हंसाने बसून ते शेवटपर्यंत ऐकलं. पाय दुखत होता, म्हणून उठता येत नव्हतं.

तात्पर्य: फासात सापडलात तर जिवंतपणी हाका मारून लोकांच्या आनंदात विघ्न आणू नये. आधी मेल्याची बातमी पोचवावी. म्हणजे दोन मिनिटं शांतता मिळते, आणि काय सांगायचं ते तेवढ्यात उरकून घेता येतं.